ग्राइंडरातली पांढरी पूड

नेलपॉलिशचा ठिपका जागेवर नव्हता.

आमच्या ग्राइंडरच्या बुडाशी एक कडं आहे. ते फिरवलं की आतल्या दोन दातेरी पोलादी चकत्या जवळ येतात किंवा लांब जातात, आणि त्याप्रमाणे कॉफी बारीक नाहीतर जाड दळली जाते. फिरवताना टिक् टिक् असे खटके पडतात. माझ्या कागदी गाळणीला जाड साखरेसारखी भरड लागते. ती जागा सापडेपर्यंत कितीतरी कप बेसिनमध्ये ओतले होते. सापडली तेव्हा विसरायला नको म्हणून कड्यावर एक आणि त्याच्या वर ग्राइंडरच्या नळकांड्यावर एक, असे नेलपॉलिशचे समोरासमोर दोन लाल ठिपके देऊन टाकले. त्या सकाळी वरचा ठिपका माझ्याकडे बघत होता आणि खालचा पाठमोरा झाला होता. गाळणीत पाणी तुंबून बसलं. कपात जे उतरलं ते कडू जहर.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. बाळंतपणानंतर माणूस दूध फ्रिजबाहेर आणि किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवतं, हे मी ऐकून होते आणि एकदा करूनही झालं होतं. पण कडं आपोआप फिरत नाही. ते चांगलं घट्ट आहे. घट्ट आहे म्हणूनच तर घेतला होता.

तो घेतला तेव्हा गठुडं पोटात होतं. आमचं बाळ म्हणजे गठुडं. जन्मल्यावर नर्सने दुपट्यात असं करकचून बांधून हातात दिलं की दुसरं नावच सुचेना. तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कॉफी दिवसातून एकच कप. मी म्हटलं, एकच प्यायचा तर तो तरी कपासारखा असू दे. दुकानात गेले. मोटरवाले चांगले ग्राइंडर आमच्या ऐपतीपलीकडचे. ऐपतीतल्या मोटरवाल्यात नुसतं पातं फिरतं, म्हणजे मिक्सरच की, अर्धी धूळ आणि अर्धे खडे. मग हातानं फिरवायचे. सगळ्यात स्वस्तातला उचलला आणि दांडा हलवून बघितला, तर आतली चकती सैल दातासारखी डुगडुगत होती. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. डुगडुगणाऱ्या चाकावर एकसारखं काही घासलं जात नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या वरच्या पायरीचा घेतला. विकणाऱ्याने दोन सूचना दिल्या, धुवायचा नाही, ब्रशने झाडायचा. आणि स्वच्छ करायला म्हणून काहीबाही दळायचं नाही, चकत्यांवर ताण येतो.

पोट वाढल्यावर ग्राइंडर गुडघ्यात धरता येईना. मग पोटाच्या उतारावर टेकवायचा, डाव्या हाताने मिठी मारायची आणि उजव्याने दांडा फिरवायचा. आतून लाथ बसली की थोडं थांबायचं.

गठुडं बाहेर आल्यावर मात्र त्याच्या झोपेपुढे सगळं घर चवड्यांवर चालायला लागलं. मी सकाळी ग्राइंडर टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये न्यायचे, दार लावून घ्यायचे आणि तिथं दळायचे. बाहेर आले की सासूबाई विचारायच्या, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." एवढ्या वेळात माणसाचं जे होतं तेच झालं असेल, असं त्यांना वाटू द्यायला माझी हरकत नव्हती.

तर ठिपका. मी ग्राइंडर उघडला, चकत्या सोडवल्या आणि ब्रश फिरवला. खालच्या कागदावर तपकिरी धूळ पडली आणि तिच्यात काहीतरी पांढरं.

पूड होती. अगदी बारीक, टाल्कम पावडरसारखी. मी चिमटीत घेऊन चोळली. दिवसभर काचेच्या भुकटीत हात असणाऱ्या माणसाची बोटं डोळ्यांपेक्षा जास्त बघतात. कॉफी तेलकट असते, बोटाला धरून राहते. हे कोरडं होतं, खडूसारखं. जिभेच्या टोकाला लावून बघितलं. कडू.

सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, ग्राइंडर वापरला होतात का तुम्ही?"

"मी कशाला? मी चहा पिणारी बाई."

"नाही, काही दळायला वगैरे..."

"मला काय दळायचंय त्याच्यात?" असं म्हणून त्यांनी घातलेली घडी मोडली आणि परत घातली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. घडी चांगली होती. ती मोडायचं काही कारण नव्हतं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या गठुड्यासाठीच, ते पोटात असतानाच. माझी रजा संपत आली होती आणि मी कामावर गेल्यावर त्याला सांभाळणार त्याच. पाळणाघर परवडण्यातलं नव्हतं. नोकरी सोडणं तर त्याहून नव्हतं. म्हणून आम्ही रंगीत तालीम सुरू केली होती. रोज दुपारी मी घराबाहेर पडायचे, बाजारात नाहीतर बागेत वेळ काढायचे आणि परत यायचे. तेवढा वेळ ती दोघं एकटी. पहिल्या दिवशी मी परत आले तर रडणं जिन्यातच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि मग एक दिवस जिना शांत. खोलीचं दार लोटलेलं, गठुडं पाळण्यात हात पसरून झोपलेलं. मी आनंदाने डोळे पुसले होते.

आता ती शांतता मला आठवली आणि अंगावर काटा आला. माझ्याजवळ ते दुपारी कधीही झोपत नाही. मी हिंडवते, गाते, थोपटते, माझे खांदे गळून पडतात तेव्हा कुठं ते डोळे मिटतं, आणि गादीला पाठ लागली की पुन्हा टक्क. सासूबाईंजवळ मात्र रोज झोप, आणि तीही अशी की उचललं तरी मान माझ्या दंडावर कलंडते.

सासरे गेल्यापासून सासूबाई झोपेची अर्धी गोळी घेतात. गोळ्यांची पट्टी त्यांच्या उशाच्या कपाटात, पांढऱ्या गोळ्या, मधे तोडायची रेघ असलेल्या. त्या आंघोळीला गेल्यावर मी कपाट उघडलं. पट्टीच्या एका फोडलेल्या कप्प्यात अर्धी गोळी एकटी पडली होती. अर्धी घेतली की अर्धी उरणारच, हे कळत होतं. तरी मला दिसत होतं ते वेगळंच. उरलेली अर्धी कुठं जाते? ग्राइंडरचं कडं इतकं घट्ट का आवळलं होतं? इतकं बारीक कुणाला लागतं? ज्याला ते पाण्यात विरघळवायचं असतं त्याला.

आणि खोटं का बोलल्या? चोराच्या मनात चांदणं.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टा दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो आणि घरी आल्यावर आई-बायकोच्या मधे अडकायचं नाही, हा त्याचा नियम आहे. गोळीचं मला त्याच्यापाशी उच्चारवेना. मी फक्त ठिपका, पूड आणि झोप एवढंच सांगितलं. तो म्हणाला, बाळ झोपतंय ही तक्रार करणारी जगातली पहिली आई तू. वर म्हणाला, आई राहायला आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, ग्राइंडरला हात लावू नकोस, नाजूक आहे, मोडला तर दुसरा मिळणार नाही. ती हात लावायची नाही.

"मग लावला नाही असं का सांगितलं त्यांनी, घडी मोडून?"

"घडी?" तो म्हणाला. "अगं, तू झोप काढ बघू थोडी."

त्या घरात झोपेचा सल्ला ज्याला त्याला मिळत होता.

दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. ग्राइंडर चकचकीत झाडला, दोन्ही ठिपके समोरासमोर आणले, फडताळात डब्यांच्या मागे नेहमीच्या जागी ठेवला. निघताना सासूबाईंना म्हटलं, आज जरा उशीर होईल. त्यांचा चेहरा उजळला, किंवा मला तसा वाटला. बागेतल्या बाकावर मला बसवेना. दूध भरून येऊन कुर्ता ओला झाला. लवकरच परत निघाले. घरी आले तर गठुडं झोपलेलं, सासूबाई खिडकीशी उभ्या, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चिमण्यांचा नुसता कलकलाट. मला बघून त्यांनी कट्ट्यावरून घाईने हात फिरवला. मी पाण्याला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातून ग्राइंडर काढला. ठिपके पाठमोरे. दांडा अजून कोमट होता, कुणाच्या तरी मुठीने.

मी गठुड्याला हलवून उठवलं. ते रडलं, चांगलं जोरात. ते रडलं म्हणून मला इतकं बरं वाटलं की मीही रडले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "झोपलेलं मूल उठवतं का कुणी?" त्यांच्या आवाजात राग होता. मला त्याच्याखाली भीती ऐकू आली. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातून बाळाला पाणीसुद्धा पाजू दिलं नाही. प्रत्येक वाटी मी स्वतः हुंगून, चाखून बघायचे. दुपारच्या तालमी बंद केल्या, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. गठुडं पुन्हा दुपारचं टक्क जागं राहायला लागलं, किरकिरायला लागलं. मला तर पुरावाच मिळाला. घरात कुठंतरी पाणी मुरतंय, आणि कुठं तेही मला माहीत होतं.

सासूबाईही काय, गप्प बसल्या नव्हत्या. नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, वहिनी, एक विचारू? आई म्हणत होती तू रोज सकाळी टॉवेलात काहीतरी लपवून बाथरूममध्ये नेतेस आणि दार लावून बसतेस. आतून गुरगुर आवाज येतो म्हणे. अंगावर पाजणारी बाई, चोरून काही घेत तर नसेल ना, असं तिला वाटतंय. मी आधी हसले, कॉफी दळते म्हणून सांगून टाकलं, मग संतापले. म्हणजे ह्या माझ्यावर नजर ठेवून होत्या आणि मी ह्यांच्यावर. एका ओट्यावर दोघी चहा-कॉफी करत होतो आणि दोघी एकमेकींच्या कपात डोकावत होतो.

चष्म्याच्या दुकानातून मालकीणबाईंचा निरोप आला, सोमवारपासून ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. आता दळण दळत बसायला सवड नव्हती. एक तर ह्या बाईंच्या हाती माझं बाळ देऊन मी निश्चिंत जाणार होते, नाहीतर कामावर पाणी सोडून घरात बसणार होते. आणि त्यातलं काय, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठरवणं मला शक्य नव्हतं.

त्या दुपारी मी सासूबाईंना सांगितलं की दुकानात जाऊन येते. त्या म्हणाल्या, सावकाश ये. मी खाली उतरले, फाटकाची कडी मुद्दाम वाजवली आणि भिंतीकडेने परत आत आले. जिन्यात चपला काढून हातात घेतल्या. आमच्या मजल्यावर आले आणि दाराला कान लावला. गठुडं रडत होतं. ते रडणं माझ्या छातीत आणि कुर्त्यावर दोन्हीकडे झिरपत होतं, तरी मी थांबले. सासूबाईंची पावलं स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. काहीतरी खुळखुळलं. मग पावलं खोलीत आली आणि दार लोटलं गेलं.

आणि मग तो आवाज. गर्र, गर्र, गर्र.

मी किल्ली फिरवली, पुढची खोली ओलांडली आणि लोटलेलं दार ढकललं.

सासूबाई जमिनीवर, पाळण्याला पाठ टेकून बसल्या होत्या. ग्राइंडर पोटाशी धरला होता, डाव्या हाताची मिठी घालून, हुबेहूब मी धरायचे तसा. डोळे मिटलेले. उजवा हात संथपणे दांडा फिरवत होता आणि त्याच ठेक्यावर त्यांची पाठ पाळण्याला हलके हलके टेकत होती. पाळण्यात गठुडं जागं होतं. गालांवर पाणी, पण रडणं थांबलेलं. ते एकटक छताकडे बघत होतं, कुणीतरी ओळखीचं बोलत असावं आणि ते ऐकत असावं तसं. बघता बघता त्याच्या पापण्या जड झाल्या. मूठ उघडली.

आजूबाजूला पाण्याची वाटी नव्हती, चमचा नव्हता. गुडघ्याजवळ एक लहान डबा, त्यात मूठभर तांदूळ.

फरशी बहुधा माझ्या पायाखाली वाजली. त्यांनी डोळे उघडले आणि ग्राइंडर झटकन शालीखाली घेतला.

"मोडला नाहीये गं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "बघ तू हवं तर."

 त्याच बोलत राहिल्या, कुजबुजत, पाळण्याकडे एक डोळा ठेवून. एका दुपारी पोर ऐकेना, म्हणून त्याला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात सांडशी, गाळणं, हाताला येईल ते वाजवून दाखवत होत्या. ग्राइंडर हाती आला. दांडा फिरवला मात्र, पोर गप्प. मान वळवून आवाज शोधायला लागलं. रिकामा फिरवला की चरचर वाजतो, ते त्याला चालत नाही. आत काहीतरी दळलं जावं लागतं. तुझी कॉफी महागाची, तिला कसा हात लावू? म्हणून तांदूळ. सैल ठेवला तर तांदूळ भसाभस खाली पडतो आणि पोराला झोप लागायच्या आत संपतो, म्हणून कडं आवळायचं. पीठ चिमण्यांना.

"पोटात होतं तेव्हा महिनोन्महिने तू त्याच्या डोक्यावर दळलंस," त्या म्हणाल्या. "त्याला ती अंगाई वाटते. आणि आता तू तेच आत कोंडून, टॉवेलात गुंडाळून करतेस, हे मला फोनवर कळलं. मला वाटलं तुला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. मी त्याची झोप मोडू नये म्हणून त्याची झोपच रोज सकाळी बाथरूममध्ये नेऊन कोंडत होते. मी पाळण्याकडे बघितलं. मान एका बाजूला कलंडलेली, ओठ मधेच दूध ओढल्यासारखे हलत होते. आतापर्यंत त्या कलंडलेल्या मानेत मी काय काय बघितलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं मला. तू विचारलंस तेव्हा वाटलं, मोडला वाटतं." मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली. "चपला हातात का गं घेतल्यास?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं तरी माझं भांडं माझ्या दोन्ही हातांत लोंबत होतं.

काहीही सांगता आलं असतं. पट्टा तुटला, जिना ओला होता. पण मी ज्यांच्या खोटं बोलण्यावरून एवढं रान उठवलं होतं, त्यांच्यासमोर पुन्हा खोटं बोलायला जीभ वळेना. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. पांढरी पूड, तिची कडू चव, जी कॉफीचीच असणार होती, उशाच्या कपाटातली पट्टी. सगळं एका दमात, कुजबुजत.

 ग्राइंडर शालीबाहेर काढून त्यांनी जमिनीवर ठेवला, माझ्या बाजूला. मग पाळण्याची दोरी हातात घेतली, आणि ती सोडून दिली.

"उरलेली अर्धी मी दुसऱ्या दिवशी घेते," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलंय. त्याला मी काही पाजून झोपवलं नाही."

"मला माहीत आहे, आई."

"आता माहीत आहे."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर त्यांनी पाय आखडून घेतले. त्या दिवशी संध्याकाळी त्या नेहमीसारखं जेवल्या, नेहमीसारखं बोलल्या, फक्त गठुड्याला मांडीवर घेतलं नाही. ते दोन्ही हात पसरत होतं आणि त्या, "आईकडे जा हो राजा," म्हणत होत्या. मी कामावर जायचं का, हे विचारायचंही मला धाडस होईना. नवऱ्याने आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि लिफ्टच्या कुठल्याशा तातडीच्या कामाला तो निघून गेला.

सोमवारी सकाळी मी ग्राइंडर बाथरूममध्ये नेला नाही. ओट्याशी उभी राहून टॉवेलाशिवाय दळला. गर्र, गर्र. गठुड्याने पाळण्यातून मान वर केली. सासूबाई चहाचं आधण ठेवून बघत होत्या. मी ते दोन्ही ठिपके दाखवले. हा समोर आला की माझी कॉफी. तिथून हलवायचा नाही, झोप जास्त वेळ हवी तर सावकाश फिरवायचा. तांदूळ नको, त्याने चकत्यांवर ताण येतो. कॉफीच्या बियाच घाला. त्या म्हणाल्या, अगं पण दुपारी दळलेली तू दुसऱ्या दिवशी सकाळी पिणार? ताजी हवी म्हणून तर एवढं सोंग आणलंस ना? मी म्हटलं, असू दे.

त्यांनी आधणात चहा टाकला, झाकण ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जा कामावर. पण येताना बेल वाजव. पोर उठलं तरी चालेल. माझ्या कानावर आलं पाहिजे की तू येते आहेस."

"बरं," मी म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल घालून जिना चढले, प्रत्येक पायरीवर आवाज करत, आणि बेल वाजवली. गठुडं उठलं. दार उघडलं तेव्हा ते त्यांच्या कडेवर होतं.

आता माझी कॉफी आदल्या दुपारची असते. डबीचं झाकण उघडलं की अर्धा वास आधीच कुठंतरी निघून गेलेला असतो. मी सवयीने चिमटीत घेऊन ती चोळून बघते, बोटांना दुसरं काही येत नाही. सासूबाई चहा ढवळता ढवळता तिरप्या नजरेने बघत असतात.

"बघ बघ," त्या म्हणतात. "नीट बघ. चाखूनही बघ."